स्वयंचलित टेप लायब्ररी: निवड, उभारणी आणि देखभाल

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील महासंगणकांची प्रारूपे, जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आणि लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ही पुणे परिसरातील विदेच्या (डेटाच्या) निर्मितीची आणि संवर्धनाची मोठी ठिकाणे आहेत. त्यांच्या खालोखाल या शहरात प्रयोगशाळा, हस्तलिखितांचे डिजिटायझेशन करणाऱ्या संस्था, चित्रपट आणि ध्वनीचे स्टुडिओ, रुग्णालये आणि अभियांत्रिकी कंपन्या आहेत. यांपैकी अनेकांकडची विदा आता शेकडो टेराबाइटपर्यंत पोहोचली आहे, पण ती सांभाळण्यासाठी वेगळा विभाग नाही. टेप लायब्ररी, म्हणजे चुंबकीय टेपवर विदा साठवणारे आणि टेप आपोआप हाताळणारे यंत्र, याविषयीचे हे मार्गदर्शन मुख्यतः अशा मध्यम आकाराच्या संस्थांसाठी आहे.

अडीच तासांच्या चित्रपटाचे उदाहरण घेतल्यास आकारमानाचा अंदाज येतो. मूळ फिल्म ४०९६ गुणिले ३११२ पिक्सेल इतक्या बारकाईने, प्रत्येक रंगाला १० बिट देऊन स्कॅन केली, तर एका चौकटीची फाइल सुमारे ५१ मेगाबाइटची होते. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने अडीच तासांच्या २,१६,००० चौकटी होतात आणि एकूण विदा ११ टेराबाइटच्या आसपास जाते. असे चाळीस चित्रपट हार्ड डिस्कवर कायम फिरत ठेवणे म्हणजे वीज, वातानुकूलन आणि दर काही वर्षांनी डिस्क बदलणे हे तिन्ही खर्च सतत अंगावर घेणे होय. तीच विदा चुंबकीय टेपवर असेल, तर कार्ट्रिज (टेपची बंद कॅसेट) स्लॉटमध्ये, म्हणजे ठेवण्याच्या कप्प्यात, असताना वीज खात नाही आणि योग्य हवामानात ठेवल्यास उत्पादक तिला ३० वर्षांपर्यंतचे आयुष्य सांगतात.

मात्र टेपवर विदा लिहून झाली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे मानण्याची प्रवृत्ती फार दिसते आणि माझ्या मते टेप लायब्ररीबाबतच्या बहुतेक चुकीच्या निर्णयांचे मूळ तिथेच असते. ड्राइव्ह (टेप वाचणारी-लिहिणारी यंत्रे) किती घ्यावेत, फाइली कशा बांधाव्यात, कूटबद्ध विदेची चावी कुठे ठेवावी, दुसरी प्रत कोणत्या गावी असावी, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर विदा परत वाचण्याच्या बाजूने शोधावे लागते. पुढील सर्व सूचना याच क्रमाने विचार करून दिल्या आहेत.

लायब्ररीची गरज आहे का

एकूण विदा शंभर टेराबाइटच्या आत असेल आणि महिन्यातून एखाद्या वेळी नवी भर पडत असेल, तर यंत्रमानव असलेली लायब्ररी घेण्याची घाई करू नये. टेबलावर ठेवता येणारा एक ड्राइव्ह, दहा-बारा कार्ट्रिज आणि शिस्तीने ठेवलेली नोंदवही एवढ्यावर हे काम नीट होते. रोज रात्री बॅकअप घ्यावा लागत असेल, टेप बदलण्यासाठी माणूस हजर ठेवणे शक्य नसेल किंवा संशोधकांना जुन्या फाइली वारंवार मागाव्या लागत असतील, तेव्हा लायब्ररी आवश्यक ठरते.

तिची रचना समजायला अवघड नाही. कपाटासारख्या चौकटीत कार्ट्रिजसाठी स्लॉट असतात, एक किंवा अधिक ड्राइव्ह असतात, आणि बारकोड वाचून कार्ट्रिज उचलणारा, ड्राइव्हमध्ये घालणारा आणि काम झाल्यावर जागेवर ठेवणारा रोबो असतो. आतील कार्ट्रिज बाहेर काढण्यासाठी किंवा नवी आत देण्यासाठी छोटा दरवाजा असतो, त्याला मेल स्लॉट म्हणतात. स्टोरेजटेक या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेल्या बारा बाजूंच्या गोलसर कोठारात सुमारे ६,००० कार्ट्रिज मावत असत. आज सर्व्हरच्या रॅकमध्ये बसणाऱ्या, २४ किंवा ४० स्लॉटच्या लायब्ररीतही कामाचे तत्त्व तेच आहे.

पिढी आणि ड्राइव्हची संख्या

मध्यम संस्थांसाठी व्यवहारात एलटीओ (लिनियर टेप-ओपन) या टेप-मानकाचाच पर्याय उरतो. या मानकाची पहिली पिढी २००० साली १०० गिगाबाइट क्षमतेने आली. एलटीओ-८ ची क्षमता १२ टेराबाइट, २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ ची १८ टेराबाइट आणि २०२५ मध्ये आलेल्या एलटीओ-१० ची सुरुवातीची क्षमता ३० टेराबाइट आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला मोठा आकडा, उदाहरणार्थ एलटीओ-९ वरील ४५ टेराबाइट, हा विदा अडीच पटींनी आकुंचन पावेल असे गृहीत धरून दिलेला असतो. स्कॅन केलेली छायाचित्रे, व्हिडिओ आणि आधीच झिप केलेल्या फाइली जवळजवळ आकुंचन पावत नाहीत, म्हणून खरेदीचा हिशेब नेहमी मूळ क्षमतेवरच करावा. शिवाय हे टेराबाइट दशमान पद्धतीचे असतात. १८ टेराबाइटचे कार्ट्रिज संगणक द्विमान पद्धतीने मोजतो तेव्हा सुमारे १६.४ इतकेच दाखवतो, त्यामुळे कार्ट्रिज सदोष आहे अशी शंका घेऊ नये.

जुन्या पिढीची कार्ट्रिज नव्या ड्राइव्हमध्ये वाचता येतील, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागील दोन पिढ्यांची टेप वाचत असत. एलटीओ-८ चा ड्राइव्ह फक्त सातवी आणि आठवी, एलटीओ-९ चा ड्राइव्ह फक्त आठवी आणि नववी पिढी हाताळतो, आणि एलटीओ-१० चा ड्राइव्ह स्वतःच्या पिढीखेरीज दुसरी कोणतीच टेप वाचत नाही. संस्थेच्या कपाटात एलटीओ-६ ची टेप असतील, तर नव्या यंत्राची निविदा काढण्यापूर्वी ती कोणत्या ड्राइव्हवर वाचायची हे ठरले पाहिजे.

ड्राइव्हची संख्या ठरवताना बहुतेक जण रोज रात्री किती विदा लिहायची याचा हिशेब करतात. मी उलटा हिशेब करण्याचा आग्रह धरतो. समजा, संस्थेकडे ४०० टेराबाइट विदा आहे. एलटीओ-९ च्या हिशेबाने एका प्रतीला २३ आणि दोन प्रतींना ४६ कार्ट्रिज लागतील. आता मूळ डिस्क पूर्ण नष्ट झाल्या असे धरा. अर्ध्या उंचीचा एलटीओ-९ ड्राइव्ह सेकंदाला ३०० मेगाबाइट वेगाने वाचतो, म्हणजे एकच ड्राइव्ह अखंड चालला तरी सर्व विदा परत आणायला साडेपंधरा दिवस लागतील, आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक. दोन ड्राइव्ह असतील तर हा काळ निम्म्यावर येतो. पूर्ण उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला ४०० मेगाबाइट देतो, त्यामुळे तेच काम अशा एका ड्राइव्हवर सुमारे साडेअकरा दिवसांचे होते. संस्थेचे काम किती दिवस थांबू शकते, हा प्रश्न प्रमुखांना लेखी विचारावा आणि त्यांच्या उत्तरावरून ड्राइव्ह ठरवावेत. माझे मत असे की, कितीही लहान लायब्ररी असली तरी तिच्यात दोन ड्राइव्ह असावेत, कारण एकमेव ड्राइव्ह बिघडला की भरलेल्या सर्व कार्ट्रिजमधील विदा दुरुस्तीपर्यंत हाताबाहेर जाते.

जागा, हवा आणि वीज

पुण्याची हवा कोरडी आणि सुखद अशी ख्याती असली, तरी जुलै-ऑगस्टमधील सकाळी हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे सहज जाते आणि उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंशांपर्यंत चढते. टेप दीर्घकाळ ठेवायची जागा साधारण १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमानाची आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेची असावी लागते. केवळ वातानुकूलन यंत्र बसवून आर्द्रता आपोआप या मर्यादेत राहत नाही, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा बाहेरचे तापमान कमी असल्यामुळे यंत्र फारसे चालतच नाही. म्हणून स्वतंत्र आर्द्रतारोधक यंत्र घ्यावे आणि नोंद ठेवणारा आर्द्रतामापक लायब्ररीजवळ टांगावा. चढउतार हा स्थिर पण किंचित जास्त आकड्याइतकाच त्रासदायक असतो, कारण आजची टेप इतकी पातळ आणि तिच्यावरील विदेचे मार्ग (ट्रॅक) इतके अरुंद आहेत की हवेनुसार तिची रुंदी सूक्ष्म प्रमाणात बदलली तरी ड्राइव्हला ते सांभाळून घ्यावे लागते. अर्धा इंच रुंदीच्या एलटीओ-९ टेपवर ८,९६० मार्ग असतात आणि तिची लांबी १,०३५ मीटर असते, एवढे सांगितले तरी या काळजीचे कारण लक्षात येईल.

धुळीबाबतही तडजोड करू नये. शहरात मेट्रोची, पुलांची आणि इमारतींची कामे सतत चालू असतात, त्यामुळे रस्त्याकडील खिडकी असलेली खोली टाळावी. खोलीत पुठ्ठ्याची खोकी उघडू नयेत आणि छपाईयंत्र ठेवू नये.

पाण्याचा विचार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील वसाहतींत घरे भरली. सर्व्हरची खोली तळमजल्यावर किंवा तळघरात असेल, तर लायब्ररी तिथे ठेवू नये. वरच्या मजल्यावर नेतानाही थेट डोक्यावर गच्चीची टाकी किंवा स्वच्छतागृह नाही याची खात्री करावी. जुन्या इमारतीत मोठी चौकट बसवायची असेल, तर स्थापत्य अभियंत्याकडून जमिनीची भारक्षमता तपासून घ्यावी.

शहराच्या अनेक भागांत देखभालीसाठी गुरुवारी काही तास वीज बंद ठेवण्याची पद्धत आहे. ड्राइव्हमध्ये टेप पूर्ण गुंडाळलेली नसताना वीज गेली, तर कार्ट्रिज आत अडकते आणि ती परत काढताना वेळ जातो. लायब्ररी, ती चालवणारा सर्व्हर आणि दोहोंमधील स्विच या तिन्हींना यूपीएसची जोड असावी, आणि मोठे काम बुधवारी रात्री सुरू करून गुरुवारी दुपारपर्यंत रेंगाळेल अशी वेळापत्रकाची आखणी करू नये.

यंत्र आल्यावर पहिला दिवस

वाहतुकीत रोबो हलू नये म्हणून कारखान्यातून तो कुलुपबंद करून पाठवलेला असतो. वीज देण्यापूर्वी हे कुलूप काढावे आणि जपून ठेवावे, कारण पुढे यंत्र हलवायचे झाल्यास तेच लागते. चौकट समपातळीत आहे याची खात्री करावी. यंत्र आणि कार्ट्रिज दोन्ही खोलीत आणून किमान एक दिवस तशीच ठेवावीत, म्हणजे बाहेरच्या हवेतून आलेल्या टेपचे तापमान आणि आर्द्रता खोलीशी जुळते.

एलटीओ-९ बाबत आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. नवे कार्ट्रिज पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेल्यावर ड्राइव्ह त्या टेपची मोजमापे घेऊन स्वतःला जुळवतो, आणि या कामाला सरासरी ४० मिनिटे, क्वचित दोन तासही लागतात. त्या काळात यंत्र गोठल्यासारखे वाटते आणि घाबरून ते बंद करण्याचा मोह होतो. तसे करू नये. सगळी नवी कार्ट्रिज एकामागून एक घालून हे काम पहिल्याच आठवड्यात उरकून घ्यावे, म्हणजे पहिल्या खऱ्या बॅकअपच्या रात्री खोळंबा होत नाही.

बारकोडची पद्धत आरंभीच ठरवून कागदावर लिहावी. लेबलवर साधारणपणे सहा अक्षरे आपली आणि शेवटची दोन पिढी दाखवणारी असतात, उदाहरणार्थ एलटीओ-९ साठी शेवटी ‘एल९’. पहिल्या सहांत विभागाचे नाव किंवा वर्ष कोंबण्याची हौस टाळावी, कारण कार्ट्रिज एका विभागाकडून दुसऱ्याकडे जाते आणि लेबल मात्र खोटे पडते. साधा चढता क्रमांक उत्तम, आणि आत काय आहे ते सांगण्याचे काम कॅटलॉगचे आहे. लेबल घरच्या छपाईयंत्रावर छापू नयेत. सुटलेल्या लेबलची कड रोबोच्या बोटात किंवा ड्राइव्हच्या तोंडात अडकते.

जोडणी आणि तपासणी

लहान लायब्ररीसाठी सॅस केबल पुरेशी असते, लांब अंतरासाठी किंवा अनेक सर्व्हरसाठी फायबर चॅनेल घ्यावे. लिनक्सवर लायब्ररी जोडल्यावर दोन प्रकारची उपकरणे दिसली पाहिजेत: रोबोसाठी मीडियम चेंजर आणि प्रत्येक ड्राइव्हसाठी टेपचे उपकरण. ‘एमटीएक्स’ या आज्ञेने स्लॉटची यादी मागवावी, एक कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये घालावे, ‘एमटी’ या आज्ञेने ड्राइव्हची स्थिती पाहावी आणि कार्ट्रिज परत स्लॉटमध्ये पाठवावे. बॅकअप सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी ही हाताने केलेली फेरी प्रत्येक ड्राइव्हसाठी करावी. यंत्राच्या दृष्टीने पहिला ड्राइव्ह आणि लिनक्सच्या दृष्टीने पहिले उपकरण हे एकच असतील असे नाही. ही जोडी अनुक्रमांकावरून जुळवली नाही, तर रोबो एका ड्राइव्हमध्ये टेप घालतो आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याची वाट पाहत बसते.

प्रत्येक ड्राइव्ह लिनक्सवर दोन नावांनी दिसतो. ‘एसटी’ने सुरू होणाऱ्या नावाने वापरल्यास काम संपताच टेप मागे गुंडाळली जाते, ‘एनएसटी’ने सुरू होणाऱ्या नावाने वापरल्यास ती जिथे थांबली तिथेच राहते. पहिल्या नावाने एकामागून एक दोन संच लिहिले, तर दुसरा संच टेपच्या सुरुवातीला, म्हणजे पहिल्याच्या जागी लिहिला जातो, आणि यंत्र कसलीही तक्रार करत नाही. म्हणून सर्व स्क्रिप्ट (आज्ञांच्या फाइली) आणि सॉफ्टवेअरच्या मांडणीत ‘एनएसटी’चेच नाव असल्याचे दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावे.

सॉफ्टवेअरच्या निवडीत मुक्त स्रोताचे बॅक्युला आणि बेअरॉस, तर विकत मिळणाऱ्यांत नेटबॅकअप, कमव्हॉल्ट, आयबीएम स्टोरेज प्रोटेक्ट असे पर्याय आहेत. नेटबॅकअपसारख्या प्रणालींवर वर्षानुवर्षे काम केलेली माणसे पुण्यात मिळतात, ही इथल्या संस्थांसाठी खरी सोय आहे. लहान संस्थेने मुक्त स्रोताचा विचार जरूर करावा, कारण दहा वर्षांनी परवाना संपलेला असला तरी टेप वाचणारे साधन हाताशी राहते.

ड्राइव्हला विदा पुरेशा वेगाने मिळणे

टेपच्या कामात सर्वाधिक दुर्लक्षित भाग हाच आहे, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. टेप ठरावीक वेगाने पळत असताना तिच्यावर लिहिले जाते. विदा येण्याचा वेग कमी झाला तर ड्राइव्ह स्वतःचा वेगही कमी करतो, पण त्याला खालची मर्यादा असते. विदा तिच्याहून संथ आली की टेप थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा वेग घेते आणि मग लिहिते. हे पुढे-मागे होणे रात्रभर चालले की काम कित्येक पट लांबते, शिवाय टेप आणि ड्राइव्हचे डोके (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) दोन्ही झिजतात. पुष्कळ ठिकाणी ‘टेप फार संथ असते’ अशी तक्रार ऐकू येते, आणि तपासले तर बहुधा दोष विदा पुरवणाऱ्या बाजूला निघतो.

एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट येतात, ३०० मेगाबाइटच्या ड्राइव्हला ते मुळीच पुरत नाहीत. विदा आकुंचन पावणारी असेल, तर ड्राइव्हची भूक आणखी वाढते: निम्म्याने आकुंचन पावणाऱ्या मजकुरासाठी त्याच ड्राइव्हला सेकंदाला ६०० मेगाबाइट द्यावे लागतात. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे बॅकअप सर्व्हरवरच वेगवान डिस्कची मधली जागा राखणे. दिवसभरात किंवा रात्री निरनिराळ्या संगणकांवरून विदा या डिस्कवर जमा होऊ द्यावी, आणि मग तिथून एका सलग प्रवाहात टेपवर लिहावी. ही जागा किमान एका पूर्ण कार्ट्रिजएवढी असावी, दोन ड्राइव्ह एकाच वेळी चालवायचे असतील तर दुप्पट.

काही सॉफ्टवेअर यावर दुसरा उपाय सुचवतात: अनेक संगणकांचे प्रवाह एकत्र मिसळून एकाच टेपवर लिहायचे. ड्राइव्ह त्यामुळे पळता राहतो हे खरे, पण पुढे एकाच संगणकाची विदा परत हवी असते तेव्हा सर्वांची मिसळलेली विदा वाचत जावे लागते. मधली डिस्क ठेवणे शक्य असेल, तर हा मार्ग घेऊ नये.

बारीक फाइलींचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. हस्तलिखितांच्या पानांची छायाचित्रे किंवा उपकरणांची मोजमापे लाखो लहान फाइलींत असतात, आणि डिस्कवरून त्या एकेक उचलतानाच सगळा वेळ जातो. त्या ‘टार’ संचांत बांधाव्यात, पण एकच अवाढव्य संच करू नये. काही दहा किंवा शंभर गिगाबाइटचा संच सोयीचा पडतो, कारण एक पोथी परत हवी असेल तेव्हा केवळ तिचा संच वाचावा लागतो. ज्या गोष्टी एकत्र मागितल्या जाण्याची शक्यता आहे त्या एका संचात ठेवाव्यात. प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ तपासबेरीज (फाइल बदलली असल्यास ओळखू येणारा आकडा) काढून तिची यादी संचातही घालावी आणि कॅटलॉगमध्येही ठेवावी. एलटीओ-५ पासून उपलब्ध असलेली एलटीएफएस ही पद्धत वापरल्यास टेप डिस्कच्या फोल्डरसारखी दिसते आणि एलटीएफएसचे सॉफ्टवेअर असलेल्या कोणत्याही संगणकावर, मूळ बॅकअप सॉफ्टवेअरविना उघडते. दुसऱ्या संस्थेला किंवा निर्मात्याला टेप द्यायची असेल, तर ही पद्धत फार उपयोगी आहे. रोजच्या बॅकअपसाठी मात्र मी ती सुचवणार नाही.

कॅटलॉग, चावी आणि दुसरी प्रत

कोणती फाइल कोणत्या कार्ट्रिजवर आहे, हे सांगणारा कॅटलॉग नष्ट झाला तर शेकडो टेराबाइट विदा जिवंत असूनही सापडत नाही. प्रत्येक टेप सुरुवातीपासून वाचून तो पुन्हा उभा करता येतो, पण एलटीओ-९ चे भरलेले कार्ट्रिज पूर्ण वेगाने वाचायलाही साडेबारा ते सुमारे पावणेसतरा तास लागतात आणि कार्ट्रिज डझनावारी असतात. कॅटलॉगची प्रत रोजच्या कामानंतर वेगळ्या टेपवर आणि लायब्ररीबाहेरच्या एखाद्या सर्व्हरवर जावी. कोणत्या बारकोडवर कोणता संच आहे याची छापील यादीही महिन्याला काढून फाइलला लावावी. ही पद्धत जुनाट वाटेल, पण सर्व यंत्रे बंद असतात त्या दिवशी कागदच वाचता येतो.

एलटीओ-४ पासून ड्राइव्ह स्वतःच २५६ बिटांच्या एईएस पद्धतीने विदा कूटबद्ध, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही अशी, करू शकतात. रुग्णांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या नोंदी असतील आणि कार्ट्रिज इमारतीबाहेर जाणार असेल, तर हे करायलाच हवे. चावी त्याच सर्व्हरवर असेल आणि तोच सर्व्हर जळाला, तर मात्र कूटबद्ध टेप कोणालाही, आपल्यालाही, उघडता येत नाही. चावीची एक प्रत मोहोरबंद लिफाफ्यात बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक वेगळ्या जबाबदार अधिकाऱ्याकडे ठेवावी, आणि अधिकारी बदलला की हस्तांतराची नोंद करावी.

प्रतींबाबत तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत अन्यत्र हा संकेत सर्वपरिचित आहे. त्यात मी एवढेच जोडीन की, एक प्रत लायब्ररीबाहेर, रोबोच्या हाताला लागणार नाही अशा कपाटात असावी. खंडणीसाठी विदा कुलूपबंद करणाऱ्या घुसखोराला बॅकअप सर्व्हरचा ताबा मिळाला, तर तो लायब्ररीतील प्रत्येक टेप पुसण्याची आज्ञा देऊ शकतो, कपाटातल्या टेपला त्याची आज्ञा पोहोचत नाही. क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअपच्या स्क्रिप्टमधील चुकीमुळे महासंगणकाच्या डिस्कवरील ७७ टेराबाइट विदा, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, पुसल्या गेल्या. उलट फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषाने जीमेलच्या काही वापरकर्त्यांचा पत्रव्यवहार नाहीसा झाला, तेव्हा गूगलने तो टेपवरून परत आणला, कारण जोडलेल्या सर्व डिस्कवर पसरलेला दोष टेपपर्यंत गेला नव्हता.

अन्यत्र ठेवायची प्रत शहरातच दुसऱ्या शाखेत असेल, तर दोन्ही इमारती मुठेच्या एकाच पूररेषेत येत नाहीत ना, हे पाहावे. शक्य असल्यास नाशिक, मुंबई किंवा नागपूरच्या सहयोगी संस्थेशी परस्पर करार करून कार्ट्रिजची अदलाबदल करावी. नेताना कार्ट्रिज स्वतःच्या प्लॅस्टिकच्या डबीत, उभी, गादी असलेल्या पेटीत ठेवावीत आणि बंद गाडी उन्हात उभी करू नये. घाटातून दमट हवेतून गेलेली पेटी पोहोचल्यावर लगेच न उघडता एक दिवस नव्या खोलीत ठेवावी. कार्ट्रिज हातातून पडले तर बाहेरून धड दिसले तरी ते ड्राइव्हमध्ये घालू नये. आधी झडप हलकेच उघडून टेपच्या टोकाची खीळ जागेवर आहे का ते पाहावे, कारण सरकलेली खीळ ड्राइव्हचे नुकसान करू शकते.

रोजची आणि वर्षाची देखभाल

साफसफाईच्या कार्ट्रिजसाठी एक स्लॉट राखून ठेवावा. ड्राइव्हला गरज भासली की तो स्वतः सूचना देतो, आणि स्वयंचलित सफाई चालू ठेवली असेल तर रोबो पुढचे काम करतो. दर सोमवारी सवयीने सफाई करण्याचे कारण नाही, कारण सफाईची टेप घासून काम करते आणि तिचे उपयोगही मर्यादित, बहुधा ५० पर्यंत असतात. टेपअलर्ट नावाने ड्राइव्ह ज्या इशाऱ्यांची नोंद करतो, त्या मात्र रोज सकाळी कोणीतरी वाचल्या पाहिजेत. एकाच कार्ट्रिजची चूक निरनिराळ्या ड्राइव्हवर दिसली तर दोष कार्ट्रिजचा, एकाच ड्राइव्हवर निरनिराळ्या कार्ट्रिजची चूक दिसली तर दोष ड्राइव्हचा, हा साधा निकष बहुतेक वेळा लागू पडतो.

परत वाचण्याची चाचणी वर्षातून एकदा समारंभासारखी करण्याऐवजी दर महिन्याला थोडी करावी. कॅटलॉगमधून यदृच्छेने काही फाइली निवडाव्यात, त्यांत सर्वांत जुन्या कार्ट्रिजवरील किमान एक असावी, त्या रिकाम्या डिस्कवर परत आणाव्यात आणि तपासबेरजा जुळवून पाहाव्यात. हे काम ज्याने लायब्ररी उभारली त्याने करू नये. दुसऱ्या सहकाऱ्याने केवळ लिहून ठेवलेल्या कार्यपद्धतीच्या आधारे करावे, आणि जिथे तो अडेल तिथे कार्यपद्धती दुरुस्त करावी. वर्षातून एकदा बाहेरगावच्या प्रतीतून आणि लॉकरमधील चावीने, मूळ सर्व्हर अस्तित्वातच नाही असे धरून, एक पूर्ण संच परत आणून पाहावा.

टेप ३० वर्षे टिकली तरी तिला वाचणारा ड्राइव्ह, त्याचे सुटे भाग आणि त्याला जोडणारी केबल तितकी वर्षे मिळत नाहीत. म्हणून अंदाजपत्रकात सुरुवातीपासूनच दर दोन पिढ्यांनी स्थलांतराची तरतूद असावी. नवी लायब्ररी आल्यावर जुनी विकण्याची घाई करू नये. जुन्या कार्ट्रिज जुन्या ड्राइव्हवर वाचून, मूळ तपासबेरजा जुळवून, नव्या टेपवर लिहाव्यात, नवी टेप पुन्हा वाचून तपासावी, कॅटलॉगमध्ये नवा बारकोड चढवावा, आणि दुसरी प्रत तयार होऊन बाहेरगावी पोहोचेपर्यंत जुनी कार्ट्रिज हलवू नयेत. त्यानंतर ती चुंबकाने पुसून पुन्हा वापरण्याचा विचार कोणी मांडल्यास तो नाकारावा, कारण डोक्याला मार्ग दाखवणाऱ्या, कारखान्यात लिहिलेल्या खुणाही त्यात पुसल्या जातात आणि एलटीओ कार्ट्रिज कायमचे निकामी होते. अशी कार्ट्रिज अधिकृत ई-कचरा प्रक्रिया केंद्रात, संस्थेच्या प्रतिनिधीसमोर तुकडे करून नष्ट करावीत, आणि नष्ट केलेल्या प्रत्येक बारकोडची सही-शिक्क्याची यादी कॅटलॉगच्या छापील नोंदींबरोबर जोडून ठेवावी.